भिंगरीचे कपडे

आमच्या ह्यांना डोळे दिलेत ते सुरकुत्या बघायला. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्याकडे नंतर बघितलं, आधी खिडकीच्या पडद्याकडे बघितलं आणि हा कुठे धुता म्हणून माझ्या आईला विचारलं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण वय वेडं असतं, आणि माणूस दिसायला बरा होता.

खाली आमची लाँड्री, वर राहायच्या खोल्या, मधे लोखंडी जिना. खालची वाफ वर येते आणि वरचं भांडण खाली जातं. खळ, नीळ, फुलांच्या वासाचं ते कपडे मऊ करायचं पाणी, तापलेली इस्त्री, या सगळ्यांचा मिळून आमच्या घराला एक वास आहे असं बाहेरची माणसं सांगतात. आम्हाला तो येत नाही, आमची नाकं केव्हाच मेली. वकील, हॉटेलवाले, बँकेतले साहेब, सगळे ह्यांच्याकडेच कपडे टाकतात, कारण ह्यांच्या हातून गेलेला कपडा परीटघडीचा म्हणजे परीटघडीचाच. माणूस मात्र महाहट्टी. बटण तुटलं तर ते गिऱ्हाइकाने तोडलेलं असायचं, डाग राहिला तर तो डाग नसून कापडाचा मूळचाच रंग असायचा. ‘चुकलो’ हा शब्द ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता, आणि तो ऐकण्यासाठी मी काही कमी कष्ट घेतले नव्हते.

अशा माणसाला नात झाली आणि माणूस पार विरघळला. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी राहत नाही. रांगायला लागली ती थेट जिन्याच्या फाटकापाशी जाऊन खाली हाका मारायला लागली. हाक आली की हे हातातलं गिऱ्हाईक सोडून वर. तिला खांद्यावर घ्यायचं, गॅलरीत एक फेरी मारायची, वाळत घातलेल्या चादरी दाखवायच्या, परत खाली. दिवसभर हेच. मी एकदा म्हटलं, माझ्या हाकेला तुम्ही कधी असे धावला नाहीत. तर म्हणाले, तुझ्या हाकेत काम असतं.

तिचं दुखणंही तेव्हाच सुरू झालं. आधी गालांवर लाल चट्टे आले, मग कोपरांच्या आतल्या बाजूला, मग गुडघ्यांच्या मागे. हात फिरवला तर वाळलेल्या साबणाच्या वडीवरून फिरवल्यासारखं लागायचं. आणि खाज. पोरगी खेळता खेळता थांबायची आणि दोन्ही हातांनी खसाखसा खाजवत सुटायची, रक्त येईपर्यंत. उशीच्या अभ्र्यावर बारीक बारीक ठिपके दिसायचे. एवढासा जीव, आणि त्याच्या वाट्याला हे. मला बघवायचं नाही, मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसायचे.

उपाय सांगायला मात्र सगळं जग आलं. कुणी म्हणालं लिंबू चोळा, कुणी म्हणालं अंड्याचं पांढरं लावा, कुणी तेल चोपडून उन्हात ठेवायला सांगितलं, जशी काही पोरगी म्हणजे लाकडी खुर्चीच. समोरची शिंपीणबाई तर वाटीभर पाल्याचा लेप वाटून घेऊनच आली. आमची सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते. दिवसभर लोकांना ‘आता बरं दिसतंय का, की आधीचं बरं होतं’ असं विचारून विचारून तिच्या अंगात एक चिवट शांतपणा भरलाय. तिने सगळ्यांचं ऐकलं, सगळ्यांना चहा दिला, आणि एकाचंही काही लावलं नाही. शिंपीणबाईला राग आला. झाडपाल्याचं आहे, नैसर्गिक आहे, त्याने काय वाईट होणार, असं ती म्हणाली. सूनबाई हसून म्हणाली, “मावशी, खाजकुयलीसुद्धा झाडपालाच की.” मी भाजी करपतेय असं सांगून आत पळाले, नाहीतर तोंडावरच हसले असते.

मग ती पोरीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही गेले. बाई मोजकंच बोलणाऱ्या. इसब आहे म्हणाल्या. पुष्कळ लहान मुलांना होतो, वाढत्या वयात बऱ्याच जणांचा कमी होतो, तोवर घाबरायचं नाही आणि कंटाळायचंही नाही. हिच्या कातडीत ओल टिकत नाही, ती टिकवायची. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ. चोळायचं नाही, फक्त टिपायचं. अंग ओलसर आहे तोवर बिनवासाचं साधं मलम भरपूर लावायचं. हवं तर ओट्सची पुरचुंडी पाण्यात पिळा, बरं वाटेल तिला. नखं कापत राहा. फार भडकलं तर एक औषधी मलम लिहून दिलं, ते सांगितलंय तसंच आणि तेवढेच दिवस. एवढं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, हिचे कपडे कुठे धुता? सूनबाईने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

त्या म्हणाल्या, खळ नको, नीळ नको, वास नको, मऊ करायचं पाणी तर मुळीच नको. साधा बिनवासाचा साबण, तोही थोडा, आणि भरपूर पाण्यातून काढायचे. घरी येईपर्यंत माझ्या आणि सूनबाईच्या मनात एकच प्रश्न होता, ह्यांना सांगायचं कुणी.

कारण भिंगरीचे कपडे म्हणजे ह्यांचा अभिमान. तिचे फ्रॉक टेबलावर ठेवले तर आधाराशिवाय उभे राहायचे. झबल्यांनाही कडक घडी. दुपटी अशी पांढरीशुभ्र की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. पोरीचं अंग आतून सोलवटत होतं आणि वरून ती दुकानाच्या पाटीसारखी दिसत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते आमच्याच घरात चाललं होतं.

सांगितलं सूनबाईनेच. फिरवून बोलली नाही, चढ्या आवाजातही बोलली नाही. हिचे कपडे आता मीच वर बादलीत धुणार, बाबा, एवढंच. जेवताना ह्यांनी पाणी मागायलासुद्धा तोंड उघडलं नाही. लाँड्रीवाल्याच्या नातीचे कपडे न्हाणीघरात बादलीत धुतले जाणार, याहून मोठा अपमान ह्यांच्या लेखी दुसरा नसावा. पुढचे काही दिवस गॅलरीतल्या दोरीवर ती चुरगळलेली झबली वाळायची आणि हे त्यांच्याकडे पाठ करून उभे राहायचे.

सूनबाईचं मात्र मी मनापासून कौतुक करते. तसं मी कुणाचं करत नाही, सवय नाही जिभेला. पण त्या मुलीने जे केलं ते मला जमलं नसतं. कामाला जायच्या आधी पोरीची अंघोळ. पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघायची. ओट्सची पुरचुंडी पिळली की पाणी दुधाळ व्हायचं आणि भिंगरी त्यात हात आपटून सगळ्यांना भिजवायची. मग टॉवेलने टिपून, बोट बोट मलम घेऊन, गाणं म्हणत, एकही घडी न सोडता लावायचं. संध्याकाळी दमून आली तरी परत तेच. खाज सुटली की हात धरून दटावणं नाही, गार ओला कपडा त्या जागेवर ठेवायचा आणि पोरीला दुसरीकडे रमवायचं. लोकांनी नावं ठेवली, मुलीला भिंतीसारखी लिपते म्हणाले. ही आपली हसायची आणि लिपायची.

एवढं करूनही फरक म्हणावा तसा पडेना. गालाचं एक दिवस कमी व्हायचं, दुसऱ्या दिवशी परत लाल. कोपरं तर हट्टच धरून बसली होती. त्यातच सूनबाई पोरीला घेऊन आईकडे राहायला गेली. तिथून परत आली तेव्हा मी पोरीला ओळखलंच नाही. कोपरं गुळगुळीत, गाल मऊ, गाढ झोपणारी, हसरी पोर. मी तिला नुसती हुंगत बसले. आणि आठवडा व्हायच्या आत सगळं जसंच्या तसं परत.

सूनबाईने मग स्वतःशी हिशोब मांडला. अंघोळ तीच, मलम तेच, कपडे धुणारी तीच. वेगळं काय, तर हे घर. खालून येणारी ही वाफ, हे वास. लेक बस चालवतो, त्याने नदीपलीकडे दोन खोल्या बघून ठेवल्या. किल्लीसुद्धा आणली. महिनाअखेरीला जायचं ठरलं. दिवसा भिंगरी सूनबाईच्या आईकडे राहणार होती.

सून असं करणार म्हटल्यावर सासूने आदळआपट करावी अशी रीत आहे. पण मी कुठल्या तोंडाने करणार. पोरीचं अंग मी इथलंही आणि तिकडून आल्यावरचंही बघितलं होतं. मी मूग गिळून बसले. हे तर खाली उतरले आणि इस्त्री न तापवताच एका चादरीवरून फिरवत राहिले. ते मला दुकानातल्या पोऱ्याने नाही सांगितलं, मी स्वतः जिन्यातून बघितलं. ह्यांच्या आयुष्यात एवढा एकच आनंद राहिला होता आणि तो आता नदीपलीकडे जाणार होता.

आणि मग मला ती चड्डी सापडली.

कपाट आवरत होते. भिंगरीची चड्डी हातात आली. दिसायला चुरगळलेली, जशी असायला हवी तशी. पण आतली शिवण एका बाजूला नीट दाबून बसलेली होती. तशी शिवण इस्त्रीशिवाय बसत नाही. या घरात इतकी वर्षं बटणं लावण्यात गेलीत माझी, एवढं मला कळतं. मी एकेक झबलं उलटं करून बघितलं. सगळ्यांच्या शिवणी तशाच.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गेल्या काही आठवड्यांत ह्यांनी एक नवीनच काम अंगावर घेतलं होतं. दुपारी पोरीचे वाळलेले कपडे दोरीवरून काढून आणायचं. आयुष्यात स्वतःचा चहाचा कप न उचललेला माणूस. मला वाटलं, बरं झालं, सुंभ जळला आणि पीळही गेला. सूनबाईलाही भरून आलं होतं. आम्ही दोघी किती भोळ्या.

मी ती चड्डी घेऊन खाली गेले आणि काउंटरवर ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. कपडे दोरीवरून काढायचे, खाली आणायचे, त्या मऊ करायच्या पाण्यात एकदा बुडवायचे, वाळवायचे, शिवणींवरून हलकी इस्त्री फिरवायची. खळ नाही घातली, शपथेवर म्हणाले. आणि मग कुणाला कळू नये म्हणून स्वतःच्या हाताने चुरगळायचे. ह्या माणसाने, ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या सुरकुत्या काढल्या, त्याने बसून झबल्यांना सुरकुत्या घातल्या. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

“मऊ व्हावेत म्हणून गं,” ते म्हणाले. “बादलीतले कपडे राठ असतात. शिवणी टोचत असतील तिला.”

मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी नेमकं तेच पाणी नको सांगितलं होतं. ते म्हणाले, मला वाटलं त्यांना कापडातलं काय कळतं. मग त्यांनी मलाच विचारलं, म्हणजे माझ्यामुळे होतंय का तिला? मी काउंटरवरची चड्डी उचलली आणि तिची घडी घालत राहिले.

खरं सांगते, मला वाटलं होतं हे आता गप्प बसतील. महिनाअखेरीला पोरं जाणारच होती, कपडे आपोआप ह्यांच्या हातून सुटणार होते. बोललं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, आणि मी काही चहाडी केली नसती. पण संध्याकाळी लेक आणि सूनबाई दोघं घरी असताना हे वर आले. बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं, पाणी, इस्त्री, चुरगळणं, काही लपवलं नाही. लेकाचा चेहरा लाल झाला, तो उठायला लागला, सूनबाईने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. ह्यांनी शेवटी तो शब्द उच्चारला. चुकलो म्हणाले. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली तो शब्द आला, आणि मला तो नकोसा झाला. माणसाचा आवाज इतका लहान कधी ऐकला नव्हता.

सूनबाई उठून आत गेली. मला वाटलं, आता बॅगाच घेऊन बाहेर येते. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि चार शब्द सुनावूनच गेले असते. ती बाहेर आली ती पोरीच्या मळक्या कपड्यांची बादली घेऊन. ह्यांच्या पायाशी ठेवली.

“बाबा, उद्यापासून हिचे कपडे तुम्हीच धुवा. तुमच्यासारखं पाणी कुणाला काढता येत नाही, माझ्या हातून साबण राहतो. फक्त तुमचं काही घालू नका.”

ज्याने चोरून नियम मोडला त्याच्याच हातात तिने सगळी जबाबदारी दिली. एवढं मोठं मन आणि एवढं थंड डोकं एका माणसात मी दुसरीकडे बघितलेलं नाही. खोल्यांचं मात्र तिने सोडलं नव्हतं. ते ठरलंय तसंच आहे, बघू काय होतंय ते, असं तिने सांगून टाकलं.

मग आमच्या ह्यांनी जे धुणं धुतलं ते बघायला हवं होतं. तिच्यासाठी वेगळा टब आणला, दुकानाच्या कुठल्याही पाण्याचा थेंब न लागलेला. चिमूटभर बिनवासाचा साबण. आणि नंतर पाण्यावर पाणी, पाण्यावर पाणी. शेवटचं पाणी काचेच्या बाटलीत भरायचे, खळखळून हलवायचे आणि उजेडात धरून बघायचे. वर एक बुडबुडा जरी टिकला तरी परत पहिल्यापासून. मी म्हटलं, नदी आटवाल. ऐकायलाच तयार नाहीत. वाळलेले कपडे दोन्ही हातांत घेऊन नुसते चोळून मऊ करायचे, इस्त्रीकडे बघायचेही नाहीत. जुन्या, हजारदा धुतलेल्या मलमलीच्या चादरी होत्या, त्यांतून शिंपीणबाईकडून नवीन झबली शिवून घेतली, शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवायला लावून. शिंपीणबाई म्हणाली, उलटं शिवू? हे म्हणाले, पोरीच्या बाजूने सुलटंच आहे.

आणि कोपरं निवळली. आधी लाली गेली, मग खरखर गेली. गुडघ्यांच्या मागचं तर दिसेनासं झालं. भिंगरी सलग झोपायला लागली. सूनबाई रोज संध्याकाळी पोरीला खिडकीपाशी नेऊन आपल्या त्या नंबरवाल्या नजरेने इंच इंच तपासायची. सगळं ठीक होतं. एक गाल सोडून.

उजवा गाल काही केल्या बरा होईना. डावा लोण्यासारखा, उजवा लालभडक, भेगा पडलेला. सूनबाई म्हणाली, म्हणजे वाफ आहेच. कपड्यांचं कपड्यांनी गेलं, हे हवेचं असणार. तिच्या आवाजात राग नव्हता, वाईटच वाटत होतं तिला. पण खोकी आणली. भांडी कागदात गुंडाळायला लागली. मी मदत केली, काय करणार.

त्या दुपारी भिंगरीने फाटकाशी जाऊन हाक मारली. हे वर आले, तिला उचललं. ती नेहमीसारखी ह्यांच्या डाव्या खांद्यावर मान टाकून पडली. गॅलरीत फेरी मारताना हे बेसिनवरच्या आरशासमोरून गेले, आणि थांबले. आरशात बघत उभे राहिले. पोरीचा उजवा गाल ह्यांच्या शर्टवर टेकलेला. ह्यांचा शर्ट म्हणजे काय सांगू. खळ घातलेला, निळीने उजळलेला, वासाच्या पाण्यातून काढलेला, कॉलर अशी की कागद कापावा. पोरगी त्या कॉलरवर गाल घासत पडली होती.

ह्यांनी तिला उतरवून माझ्या मांडीवर दिलं आणि खाली गेले. तेव्हापासून तिला घेणंच बंद केलं. ती हाक मारायची, हे यायचे, पण फाटकाच्या अलीकडे पाय ठेवायचे नाहीत. ती हात पसरायची आणि हे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. तिथूनच तिच्याशी गप्पा मारायचे. पोरगी रडायची, मग रुसायची, मग परत हाक मारायची. सूनबाई विचारायची, बाबा हिला घेत का नाहीत. मी म्हटलं, जायच्या आधी सवय मोडत असतील. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

आणि एके सकाळी हे दुकानात गेले ते असा शर्ट घालून, की मला वाटलं ह्यांना भ्रम झाला. भिंगरीच्या टबात, भिंगरीच्या पाण्यात धुतलेला. मऊ, लोळागोळा झालेला, कॉलर मेलेल्या पानासारखी पडलेली, पाठीवर सुरकुत्यांचं जाळं. मी म्हटलं, अहो, असे काउंटरवर बसणार? हे म्हणाले, हो. मी म्हटलं, निदान वर येताना बदला ना, दुकानात चांगला घाला. तेव्हा म्हणाले, “ती कधी हाक मारेल, सांगता येतं का?”

दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्याही. सगळे शर्ट त्या टबातून काढले. गाल पूर्ण बरा होईपर्यंत तिला घ्यायचं नाही असं स्वतःशीच ठरवलं होतं, पण तयारी मात्र आधीच करून बसले होते. गिऱ्हाइकं बघायची आणि एकमेकांना कोपरखळ्या मारायची. शिंपीणबाईने मला विचारलं, घरात काही झालंय का. ह्यांच्या धंद्यात शर्ट हीच पाटी असते हो. मला लाज वाटायची, आणि त्या लाजेखाली दुसरंच काहीतरी वाटायचं. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडले तो माणूस मला त्या चुरगळलेल्या शर्टात फार देखणा दिसायला लागला होता.

आवराआवर जवळजवळ संपली होती. त्या सकाळी सूनबाई भिंगरीला आपल्या आईकडे सोडायला कडेवर घेऊन जिना उतरत होती आणि मी तिची पिशवी घेऊन मागे होते. खाली बँकेतले साहेब कपडे न्यायला आलेले. त्यांना गंमत करायची सवय. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, काय हो, लाँड्री बंद पडली की काय, अंगावरच्या शर्टाला इस्त्री मिळेना?

हे साहेबांचा गठ्ठा बांधत होते. मान वर न करता म्हणाले, “तुमचे कडकच मिळतील, साहेब. हा माझ्या नातीचा आहे. मी नुसता घालून बसतो. तिचा गाल इथे टेकतो.”

सूनबाई जिन्यात थांबली. तिने आधी ह्यांच्या खांद्याकडे बघितलं, मग कडेवरच्या पोरीला जरा लांब धरून तिचा उजवा गाल बघितला. तिथे आता लाली नव्हती, नुसती फिकट गुलाबी साय होती. किती दिवस हे तिला घेत नव्हते आणि किती दिवस तो गाल निवळत होता, हे तिच्या डोक्यात जुळताना मी मागून बघितलं. हुशार पोर, तिला कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

ती उरलेल्या पायऱ्या उतरली. काउंटरची फळी उचलून आत गेली आणि भिंगरीला ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांचे हात सवयीने पाठीमागे गेले.

“घ्या, बाबा,” ती म्हणाली. “मला कामावर जायच्या आधी खोल्यांची किल्ली परत करायचीय.”

हे तिच्याकडे नुसते बघत राहिले. भिंगरीला एवढा दम कुठला. तिने ती मेलेली कॉलर दोन्ही मुठींत धरली, स्वतःला ह्यांच्याकडे ओढून घेतलं आणि मान टाकली. मग कुठे ह्यांचे हात पुढे आले. मी तिथेच पायरीवर बसले आणि पिशवी तोंडाशी धरून रडले, साहेबांनी बघितलं तर बघितलं.

साहेबांनी जरा वेळ वाट बघितली आणि खाकरून आपल्या गठ्ठ्याची आठवण करून दिली. हे त्यांना म्हणाले, “उद्या या, साहेब. आज हात मोकळा नाही.”